गाडी नेणारी गाडी

मटार सोलायला बसलं की मला पेट्रोलचा वास येतो. सूनबाई म्हणते, आई, नाकाच्या डॉक्टरला दाखवू का? माझं नाक चांगलं हाय. त्याला सगळं आठवतं, त्याला मी काय करू?

थंडी पडली आता. आमची बिबवेवाडी चढावर, टेकडीच्या अंगाला. ऊन उशिरा येतं. आधी समोरच्या पत्र्यावर पडतं, मग पाण्याच्या टाकीवर, मग आमच्या ओट्यावर. आम्ही म्हाताऱ्या पाट घेऊन उन्हासंगं सरकत राहतो. मार्केट यार्डातनं मटाराच्या गोण्या यायला लागल्यात. शेंग दाबली की टच वाजते. लाल गाजरं, बोरं, हरभऱ्याच्या जुड्या. कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत पोरंपोरी उभी असतात, गळ्यात ओळखपत्राचे पट्टे, तोंडातनं वाफा. उन्हाळा सोसायचा, पावसाळा निस्तरायचा, असंच गेलं माझं. थंडीत तेवढं माणसासारखं बसता यायचं.

अशाच एका थंडीत, बारा-तेरा वर्षं झाली असतील, माझ्या पाटाशेजारी एक मोटरसायकल उघडून पडलेली असायची. माझी नात प्रज्ञा तिचे नटबोल्ट काढून डब्यात टाकायची, आणि मी मटार सोलून परातीत टाकायचे. एकदा उसळीत वायसर निघालं. प्रज्ञाच्या बापाच्या दाताखालीच नेमकं आलं. तो म्हणाला, "आता उसळीला पण पाना लागतो का?" प्रज्ञा म्हणाली, "सापडलं का? सकाळपासनं शोधतेय, द्या इकडं."

प्रज्ञा म्हणजे अशोकची, माझ्या लेकाची मुलगी. कॉम्प्युटर शिकली आणि हिंजवडीला लागली. सोमवार ते शुक्रवार बसनं जायची, केस विंचरून, शहाण्यासारखी. रविवारी मातीत. मोटरसायकलच्या शर्यती खेळायची ती. रस्त्यावरच्या नव्हे, मातीवरच्या. मातीचे उंचवटे केलेले असतात, त्यावरनं गाडीसकट उडायचं आणि पलीकडं उतरायचं. मला पहिल्यांदा फोनवर दाखवलं तेव्हा मी डोळे मिटले. म्हणलं, पडली का? म्हणाली, "आज्जी, ही पडत नाहीये, ही जातेय." विहारातल्या बायका मला विचारायच्या, "तुमची प्रज्ञा उडते म्हणं?" मी म्हणायचे, उडते. आम्ही ओझं ओढत जमीन सोडली नाही कधी. एकीनं सोडली तर काय बिघडलं?

तर ती गाडी. तिला दिवा नाही, नंबर नाही, आरसा नाही, बसायला दुसऱ्याला जागा नाही. रस्त्यावर चालवायची परवानगीच नाही. पोलिसानं बघितली तर चावी काढून घेईल. म्हणजे शर्यत कोईमतूरला असली तर ही गाडी तिथवर कुणीतरी वाहून न्यायची. जी स्वतः धावते, तिलाच न्यायला दुसरी गाडी लागते. मला याचं लई हसू यायचं.

त्याच्या आधी एकदा कोईमतूरलाच शर्यत होती, तेव्हा एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ट्रकमध्ये टाकली होती. मी स्वतः पेंढा भरून गोणपाटात शिवली होती तिला, दाभणानं. नवरीला शालू गुंडाळावा तशी. प्रज्ञा रेल्वेनं पोचली, शर्यत झाली, लोक घरी गेले, आणि गाडी त्याच्यानंतर दोन दिवसांनी उतरली. हँडल वाकडं. माझी शिवण फाडलेली. पोरगी घरी आली. पायपुसण्यावर चपला काढून तिथंच बसली.

अशोक खडकीला फॅक्टरीत. कमी बोलणारा माणूस, बोलला की हुकूम सोडल्यासारखा. त्यानं त्या दिवशी सांगितलं, "तुला खेळायला दिलेलं एक वर्ष संपतंय. कोईमतूरलाच शेवटची एक शर्यत राहिली ना? त्याला मी येतो, माझ्या जीपनं. गाडी वेळेवर आणि धड पोचली, तर पुढचं पुढं बघू. नाहीतर ही मोटरसायकल विकायची. घरात पुन्हा विषय नाही."

प्रज्ञा म्हणाली, "चालेल."

मी तिचा हात बघितला. परातीची कड धरली होती तिनं, बोटं पांढरी झालेली. चालेल म्हणणाऱ्याचा हात असा नसतो.

अशोकची जीप म्हणजे खडकीला लष्कराच्या लिलावात घेतलेली. हिरवी, दणकट, आतनं ट्रंक उघडल्यासारखा वास. पाठीमागं लोखंडी हूक होताच, तोफाबिफा ओढायचा. त्याला जोडायला एक ट्रेलर पाहिजे होता. महिनाभर आधी शोधायला लागलो. दर रविवारी सकाळी मफलर बांधून आम्ही तिघं जीपमध्ये. सूनबाई म्हणायची, "पोरीचं लग्न जमवायला एवढं फिरला असता तर!" प्रज्ञा म्हणायची, "आई, ट्रेलर जरा निरखून घेतलेला बरा. नवरा काय, परत करता येतो." अशोक हसायचा नाही, पण गियर बदलताना मान हलायची त्याची.

त्या रविवारांचं पुणं मला अजून डोळ्यापुढं दिसतं. लकडी पुलाखाली नदीवर धूर बसल्यासारखं धुकं. बुधवार पेठेत दुकानं बंद, फुलवाल्या तेवढ्या झेंडूच्या ढिगामागं शेकत बसलेल्या. ज्या रस्त्यांनी मी हातगाडी ओढली, त्याच रस्त्यांनी मी जीपमध्ये बसून चालले होते. भवानी पेठेतनं पोती घेऊन निघायचं, रास्ता पेठ, सोमवार, कसबा. तेव्हा मला पुण्याचे चढउतार पायांनी पाठ होते. मोटारीतल्या माणसाला पुणं सपाट वाटतं. तसं ते नाही.

पहिला ट्रेलर कोथरूडला बघितला. एका काकांनी विकायला काढला होता. काळा, चकचकीत, चाकं स्कूटरला असतात तेवढी. दुमडून भिंतीला उभा राहायचा. अशोकनं पुढचा दांडा धरला आणि एका हातानं उचलला. "बघ आई. एका हातानं!" इतका खूश मी त्याला पगाराच्या दिवशीसुद्धा बघितला नव्हता.

मी काकांना म्हणलं, "वर चढून बघू का?"

"आजी, हा झोपाळा नाही."

"झोपाळा असता तर विचारलं नसतं, बसले असते."

काकांनी हात मागं बांधले. मी पदर खोचला आणि मागच्या कडेवर उभी राहिले. पुढचा दांडा सप्पकन वर आला, अशोकच्या हनुवटीपाशी.

"मागं उभं राहिल्यावर पुढं उचलणारच," काका म्हणाले. "साधं शास्त्र आहे."

"मोटरसायकलचं मागचं चाक कुठं येतंय, काका?"

काकांनी बघितलं. जिथं माझे पाय होते तिथंच येत होतं. मग ते म्हणाले, "आपण घ्यायचा नाही असं ठरवूनच आला आहात. मग आपला वेळ कशाला घालवता? माझा तर गेलाच."

जीपमध्ये अशोक चिडला. "आई, लोकांच्या दारात असं करतात का? हलका होता, चांगला होता. जीपवर ताण आला नसता."

कर्वे रस्त्यावर ऊन आलं होतं, झाडांतनं पट्टेपट्टे पडलेलं. तो हलकेपणा माझ्या हाताला ठाऊक होता.

आता ते सांगते.

आम्ही दुष्काळात पुण्याला आलो, बार्शीकडनं. ह्यांनी एक हातगाडी भाड्यानं घेतली. हे पुढं दांड्यात, मी मागनं रेटायला. अशोकला पोत्यांवर बसवायचं, कडेला भाकरीचं फडकं. हातगाडी म्हणजे दोन चाकं आणि मध्ये एक आस, लोखंडाची. सगळी अक्कल त्या आसेपाशी. ओझं आसेच्या पुढं जास्त गेलं तर गाडी धुरजड होते, सगळा भार ओढणाऱ्याच्या हातावर, तो वाकून मरतो. मागं जास्त गेलं तर उलाळ होते, दांड्या आपोआप वर उचलायला बघतात. ओझं आसेच्या थोडं पुढं पाहिजे, ओढणाऱ्याच्या हाताला भरल्या घागरीएवढा भार लागला पाहिजे. हे मला ह्यांनी शिकवलं, शाळेनं नाही. शाळा मी चौथीपर्यंतच बघितली.

अशोक सातवीत होता. ह्यांचे खांदे फार दुखायचे त्या दिवसांत. रात्री मी तेल लावायचे, तर हात लावू द्यायचे नाहीत. एका सकाळी बिबवेवाडीला वर टेकडीकडं घर चाललं होतं कुणाचं तरी, तिथं लोखंडी सळया न्यायच्या होत्या. मी म्हणलं, तुम्ही चहा प्या, मी लादते. आणि मी सळया चार बोटं मागं लादल्या. मुद्दाम. ह्यांच्या हाताला भार लागू नये म्हणून.

सपाटीला गाडी अशी चालली, जशी वाऱ्यावर. हे मागं वळून म्हणाले, "आज हलकी लागतीया की गं. काय जादू केलीस?" मी मागनं हसले. शिट्टी वाजवत होते हे. मी लग्नानंतर ह्यांची शिट्टी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

चढ लागला आणि सळया मागं झुकल्या. दांड्या वर गेल्या, त्यांच्यासंगं हे वर गेले, पाय जमिनीला नाहीत. मग गाडी आडवी झाली आणि हे तिच्याखाली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. ससूनला नेलं. पाय राहिला, पण वाकायचा नाही. त्यानंतर अकरा वर्षं दांड्यात मी आणि मागनं कधी कुणी, कधी कुणी नाही. लोक म्हणायचे बाईमाणूस गाडी ओढते. मी म्हणायचे, चाकाला काय कळतंय कोण ओढतंय ते. पुढं तीनचाकी टेम्पो आले, कंपन्या आल्या, रस्त्यांवर हातगाडीला जागा राहिली नाही. अशोक खडकीला चिकटला. मी दांडी सोडली तेव्हा माझे तळहात असे झाले होते की तापलेलं दुधाचं पातेलं मी फडक्याशिवाय उतरवायचे.

हे मला कधी बोलले नाहीत. कुणी विचारलं की म्हणायचे, "चढाला माझा पाय घसरला." मरेपर्यंत तेच म्हणाले. अशोकलाही तेच माहीत होतं.

असो. दुसरा ट्रेलर म्हणजे शेतातली ट्रॉली होती, चार चाकांची, मांजरीच्या बाजूला. तिला ओढायला जीप नव्हे, ट्रॅक्टर लागला असता. तिसरा बघितला त्याला कमानपाटेच नव्हते. खड्ड्यातला प्रत्येक धक्का सरळ मोटरसायकलला. प्रज्ञा म्हणाली, "हाडं खिळखिळी होतील तिची." थंडी वाढत चालली होती, शर्यत जवळ येत होती, आणि ओट्यावर मोटरसायकल जोडून तयार, पुसून पुसून लखलखीत. प्रज्ञा सकाळी कामाला जाताना तिच्या टाकीवर थाप मारून जायची. संध्याकाळी आली की आधी तिच्याकडं बघायची, मग चपला काढायची.

चौथ्या रविवारी खडकी बाजाराच्या पलीकडं दस्तगीरभाईंच्या शेडमध्ये गेलो. वेल्डिंग करणारे, जाड चष्मा, दाढीला मेंदी. कोपऱ्यात लष्कराच्या भंगारातला एक ट्रेलर पडला होता. गंज चढलेला, रंग गेलेला, पण चाकं मोठी, जीपला होती तीच. दस्तगीरभाई म्हणाले, "जीपचं चाक ह्याला बसतं, ह्याचं जीपला. जंगलात पंक्चर झालं तरी फिकीर नको." मी खाली वाकून पाटे बघितले, हात फिरवला. हे चांगलं होतं.

अशोक म्हणाला, "दिसायला कसलं वंगाळ हाय."

"बाबा, शर्यत त्याची नाहीये," प्रज्ञा म्हणाली.

दस्तगीरभाईंनी आठवड्यात जुनी टोपली कापून टाकली, नवा सांगाडा बांधला, मध्ये मोटरसायकलच्या चाकांसाठी लोखंडी पन्हाळ, चढवायला फळी, बांधायला कड्या. फार झटले. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी दांडा दोन बोटांवर धरून दाखवला, वर मोटरसायकलच्या वजनाची धान्याची पोती असताना. "तराजू! सोनाराचा तराजू, मावशी! गिऱ्हाईकाला असंच आवडतं."

अशोकचा चेहरा पुन्हा कोथरूडसारखा झाला.

मी म्हणलं, "जीपला लावा आणि चालवून बघू."

खडकीचे रस्ते रविवारी मोकळे, दोन्ही बाजूंना मोठी झाडं. मी जीपमध्ये मागच्या बाकावर, तोंड मागं करून बसले. वीसला ठीक होता, तीसला ठीक होता. चाळीसच्या पुढं ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडं, मग जास्त. जीपसुद्धा डुलायला लागली. "अशोक, सोड, हळूहळू सोड, ब्रेक दाबू नको!" मी ओरडले. थांबलो तेव्हा एक पोतं फुटून मागं रस्त्यावर ज्वारी सांडलेली, आणि कुठनं कुठनं साळुंक्या आल्या.

परत शेडमध्ये आलो. मी दस्तगीरभाईंना म्हणलं, "आस एक वीत मागं घ्या."

"मावशी, सगळं वेल्डिंग तोडावं लागेल."

"मग तोडा."

"दांडा जड होईल."

"व्हायलाच पाहिजे. दोन हातांनी, कमरेत वाकून उचलावा लागला पाहिजे."

अशोक मध्ये पडला. "आई, पुरे. हे भाई तीस वर्षं वेल्डिंग करतायत. तू हातगाडी ओढलीस म्हणून तुला सगळं कळतं का? दांडा जड केला तर जीपचं कंबरडं मोडेल. हलकं असलेलं काय वाईट असतं?"

प्रज्ञा बोटांवर दिवस मोजत होती. शर्यतीला सहा दिवस राहिले होते, आणि त्यातले दोन रस्त्यात जाणार होते.

मी म्हणलं, "अशोक, तुझ्या आबांचा पाय घसरला नव्हता."

तो माझ्याकडं बघायला लागला.

"सळया मी लादल्या होत्या. चार बोटं मागं. त्यांना हलकं लागावं म्हणून. आणि लागलं हलकं. चढापर्यंत शिट्टी वाजवत होते."

दस्तगीरभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, उगाच. अशोकनं ट्रेलरच्या दांड्याकडं बघितलं. मग खाली बसला, तिथंच मातीत, खडूचा तुकडा घेतला आणि सांगाड्यावर रेघ मारली. माझ्याकडं बघून म्हणाला, "एवढं मागं? का अजून?"

"अजून दोन बोटं," मी म्हणलं.

"तोडा भाई," अशोक म्हणाला.

मी एवढी वर्षं ते छातीत घेऊन हिंडले. वाटलं होतं बोलले की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. दस्तगीरभाईंनी ठिणग्या उडवल्या, चहा आला, खारी आली, आणि माझ्या लेकानं माझ्या बशीत स्वतःच्या कपातला चहा ओतला. लहानपणी मी त्याला द्यायचे तसा.

ट्रेलर दारात आला तेव्हा सगळी गल्ली जमली. कुणी म्हणालं, "आज्जी, रणगाडा घेतला का?" कुणी म्हणालं, "प्रज्ञाची वरात ह्याच्यातनंच का?" शेजारच्या कमळाबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गोधडी वाळत टाकली, न विचारता. मी काढली नाही. ऊन चांगलं यायचं तिथं. तिसऱ्या दिवशी तिच्यावर एक मांजर निजलेलं. ट्रेलरला पण बरं वाटलं असेल. लष्करात कुठं गोधडी मिळायची त्याला.

निघायच्या दिवशी अशोकनं दांडा उचलला. दोन हातांनी, कमरेत वाकून, तोंडातनं "हं" निघालं. मी म्हणलं, बरोबर. हुकात बसवला, साखळी लावली. प्रज्ञानं मोटरसायकल फळीवरनं चढवली, पुढचं चाक पन्हाळीत घट्ट, दोन्ही हँडलांना पट्टे लावून पुढच्या कड्यांना आवळले, इतके की गाडीनं पुढनं मान खाली घातली. मागनं दोन पट्टे. आणि मग माझा एक सुती दोर. प्रज्ञा म्हणाली, "आज्जी, पट्टे पुरतात."

"पुरू दे. माझा दोर मला पुरतो."

दोन दिवस मी पुढचा रस्ता बघितलाच नाही. मागच्या बाकावर, शालीत गुंडाळून, मागं जाणारा रस्ता बघत कोईमतूरला गेले. जाताना सगळं आपल्यापासनं लांब जाताना दिसतं. टेकड्या, उसाचे ट्रॅक्टर, शाळेची पोरं हात हलवत लहान लहान होत जातात. मध्ये ती मोटरसायकल मात्र हलत नाही, लांब जात नाही, तोंडासमोर उभी. आम्ही दोघी दोन दिवस समोरासमोर बसलो होतो, कुणाला काही बोलायचं नव्हतं.

खेडशिवापूर गेलं आणि मी म्हणलं, "थांब."

"आत्ताच तर निघालो," अशोक म्हणाला.

"ओझं बसतं आता. थांब."

उतरून बघितलं तर सगळे पट्टे चार चार बोटं ढिले. ओझ्याला आपली जागा सापडायला थोडी वाट जावी लागते, मग ते टेकतं. प्रज्ञानं पट्टे परत आवळले. आवळता आवळता माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आज्जी, तुला आमच्या टीममध्ये घ्यायला पाहिजे." मी म्हणलं, पगार सांग आधी.

मग खंबाटकीचा घाट. मी मनातनं तिथंच पोचले होते सकाळपासनं. चढ लागला. इंजिन भरून आलं, पहिल्या-दुसऱ्या गियरवर. मी दांड्याकडं बघत होते, नुसत्या दांड्याकडं. उचलतो का. एक वळण झालं, दुसरं झालं. दांडा खाली दबून, जीपला टेकून, मुकाट्यानं येत होता. शेपूट नाही, डुलणं नाही. माझे हात मांडीवर आपोआप मुठी वळून दाबत होते. दाबायला काही नव्हतं, तरी. वर पोचलो तेव्हा अशोकनं आरशात माझ्याकडं बघितलं. "आई?"

"येतोय," मी म्हणलं. "चांगला येतोय."

प्रज्ञानं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडला, भाकरीत गुंडाळून बापाच्या हातात दिली, मला दिली. वाऱ्यानं डोळ्यांतनं पाणी येत होतं. मी ते पुसलं नाही. चवीत काही फरक पडत नव्हता.

कोल्हापूर गेलं, बेळगाव गेलं, भाषा बदलली, चहाचे पेले बारके झाले. दर थांब्याला मी उतरायचे आणि दोर बोटानं छेडायचे, तंबोऱ्याची तार बघतात तशी. दुसऱ्या दिवसापासनं अशोकही छेडायला लागला, मी बघत नाही असं बघून. रस्त्यात लोक ट्रेलरभोवती गोळा व्हायचे. दावणगेरेला एका डोसेवाल्यानं विचारलं, ही गाडी बिघडली म्हणून नेताय का? अशोकनं मोडक्या हिंदीत सांगितलं, "बिघडी नहीं. बेटी की है. उडती है." आणि सांगताना छाती अशी बाहेर.

बाराच्या आत मैदानावर तपासणीला गाडी लावायची होती. आम्ही साडेदहाला पोचलो. आधीच्या खेपेला जिथं ही पोरगी रिकाम्या हातांनी उभी होती, त्याच फाटकातनं आत गेलो. तिनं दोर सोडला, पट्टे सोडले, मोटरसायकल फळीवरनं खाली घेतली. हँडल सरळ. एक ओरखडा नाही. किक मारली, नाही लागली. दुसरी मारली, आणि ती जी कडाडली, की शेजारच्या झाडावरचे कावळे उठले. प्रज्ञा माझ्याकडं बघून हसली. दात दिसेपर्यंत. लहानपणी दात पडला की दाखवायला यायची, तसं.

शर्यत मी सगळी डोळे उघडे ठेवून बघितली. धुरळा, आवाज, आणि त्याच्यात एक लाल हेल्मेट. एका उंचवट्यावरनं सगळ्या पोरी वर गेल्या, त्यात आमची. खाली येईपर्यंत मला वाटतं मी श्वास घेतला नाही. एकदा पडली. अशोक कठड्यावरनं अर्धा पलीकडं गेला होता, मी त्याचा सदरा धरला. ती उठली, गाडी उठवली, परत गेली. पाचवी आली. पाचव्याला कप देत नाहीत. पण ती फाटकाकडं आली तेव्हा सगळी मातीनं माखलेली, नुसते डोळे दिसत होते, आणि तिला बघून मला ह्यांची शिट्टी ऐकू आली. खरंच. चढाच्या आधीची.

परतीला पहिल्या चहाला थांबलो. अशोकनं विक्रीचं, अटीचं, एक अक्षर काढलं नव्हतं. प्रज्ञाही विचारत नव्हती, नुसती पाण्याची बाटली हातात फिरवत बसली होती. विचारायला नको वाटत असणार. मलाही नको वाटत होतं.

अशोक खाली उतरला. दोर छेडला. एक पट्टा आवळला. मग ट्रेलरखाली वाकून कमानपाट्यावर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली, चोळून बघितली.

"पुढची कधी हाय?" त्यानं तिथनंच विचारलं, पाट्याकडं बघत.

प्रज्ञाच्या हातातली बाटली थांबली. "फेब्रुवारीत, बाबा. बडोद्याला."

"मग ह्याला ग्रीस मारायला पाहिजे," अशोक म्हणाला, आणि हात पँटीला पुसून चहा सांगायला गेला. तीन.